तांबडी तारीख आता काळीच दिसते

मस्टरवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी ३६ वर्षं गेली. हजेरी, पाळ्या, रजा, ओव्हरटाइम, सगळं आमच्या टेबलावरून जायचं. डिसेंबर आला की पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी करायची. मंजुरी वरून यायची, पण कच्ची यादी माझ्या हातची. कॅलेंडर समोर घेऊन मी आधी एवढंच बघायचो, की यंदा कोणकोणती सुट्टी रविवारी पडतेय. दोन-तीन एकदम रविवारी गेल्या की ती यादी फळ्यावर लावताना मलाच अपराध्यासारखं वाटायचं. लोकही येऊन म्हणायचे, "साहेब, यंदा सुट्ट्या बुडाल्या हो." जणू माझ्या हातून बुडाल्या.

यादी लागली की दुपारच्या सुट्टीत फळ्याभोवती गर्दी. बोट ठेवून मोजणी चालायची. "ही मंगळवारी आलीय, सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग." मग त्या एका सोमवारसाठी एका खात्यातून सात अर्ज यायचे आणि सोडता यायचं दोघांना. त्यावरून महिना-महिना अबोला धरलेली माणसं मी पाहिली आहेत. एकेक सुट्टी इतकी मोलाची होती.

आणि सुट्टीच्या आदल्या दिवसाचा शेवटचा अर्धा तास! यंत्रं तीच, वेग तोच, पण माणसांचा आवाज चढलेला. भोंगा झाला की गेटवर रांग लागायची. एरवी माणसं एकमेकांना "उद्या भेटू" म्हणून जायची, त्या दिवशी म्हणायची, "परवा भेटू." माझ्या खिडकीतून ते ऐकू यायचं. तो "परवा" मला फार आवडायचा.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात सकाळी बँकेत गेलो तर शटर खाली. वाटलं, काहीतरी भानगड झाली असावी. तिथे उभ्या असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, आज सुट्टी आहे." घरी येईपर्यंत माझे पाय जड झाले होते. हजारभर माणसांना सुट्टी कधी आहे ते मी सांगत आलो, आणि आज मला ते रस्त्यावर कळलं. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. तारीख तांबडी होती. रोज त्याच पानासमोर उभं राहून मी औषधाच्या गोळ्यांचा हिशोब करतो, पण तो तांबडा रंग डोळ्यांत शिरला नव्हता.

छंद लावून घ्या, फिरायला जा, असं कृपया सांगू नका. ते सगळं चालू आहे. सकाळी चालतो, वाचतो, शेजारच्या मुलाचं गणित घेतो. वेळ जात नाही अशी माझी तक्रार नाही, तक्रार सुट्टीबद्दल आहे. सुट्टी या शब्दातच सुटणं आहे. मी तर कायमचा सुटलोय, मग त्या तारखेला आणखी कशातून सुटू? उलट त्या दिवशी बँक बंद, दवाखाना बंद, वाचनालय बंद, आणि माझ्या नेहमीच्या बाकावर दुसरी माणसं बसलेली. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो आता नुसता बंदचा दिवस झालाय.

रविवारी संध्याकाळी पोटात एक गोळा यायचा, उद्या सोमवार म्हणून. वाटलं होतं, तो गेला की सुटलो. पण त्या गोळ्याचीसुद्धा आठवण येते.

निवृत्त झालेल्यांपैकी आणखी कोणाचं असं झालंय का? सुट्टीचा दिवस तुम्ही वेगळा ठेवता का? ठेवत असाल तर कसा?

तिसरीपाळी

दादा, माझं बरोबर उलटं झालंय, म्हणून लिहितो.

मी वीज उपकेंद्रात ३१ वर्षं पाळ्यांमध्ये काम केलं. जगाला सुट्टी असो नसो, वीज चालू राहायला हवी. सुट्टी आम्हाला कॅलेंडरवर दिसायची नाही, यंत्रांवर दिसायची. एरवी सकाळी कारखाने आणि कचेऱ्या सुरू झाल्या की भार चढत जातो. सुट्टीच्या दिवशी तसा चढतच नाही. पहाटेपासून काट्याकडे बघत बसलेलो असायचो, नऊ वाजले तरी काटा खालीच. म्हणजे माणसं घरी आहेत. कोणी अजून झोपलंय, कोणी मुलांबरोबर लोळतंय. आणि मी ते काट्यावरून ओळखतोय.

त्या दिवसाच्या बदल्यात सुट्टी मिळायची, नाही असं नाही. पण ती यायची गुरुवारी वगैरे. मुलं शाळेत, बायको कामावर, मित्र कामावर. घरात मी आणि भिंती. दुपारी झोपून उठायचो, कुठे जावं कळायचं नाही, आणि संध्याकाळी सगळे दमून घरी यायचे तेव्हा मी ताजातवाना. त्यांना माझ्याशी बोलायचं त्राण नसायचं. अशी बदली सुट्टी मी कित्येकदा सहीपुरती घेतली आणि ओव्हरटाइमला गेलो, कारण घरी तरी काय करणार होतो? मोठ्या मुलीचं बालपण माझ्या गुरुवारांमध्ये बसलंच नाही. हे लिहिताना अजून घशाशी येतं.

आता निवृत्तीनंतर तांबड्या तारखेला मी घरी असतो आणि बाकीचेही घरी असतात. नातू मला विचारतो, "आजोबा, आज तुम्हालाही सुट्टी?" मी हो म्हणतो. तुमच्यासाठी सुट्टी संपली असेल दादा, माझी आत्ता कुठे सुरू झालीय.

जुनी_पानं

वर तिसरीपाळी यांनी जे गुरुवारचं लिहिलंय, तो प्रयोग एका अख्ख्या देशावर झाला होता. मी समाजशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सोव्हिएत संघात १९२९ साली सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कारखाने एकही दिवस थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. हिशोबाने पाहिलं तर माणसाला विश्रांती आधीपेक्षा जास्त मिळत होती. पूर्वी सातवा दिवस सुट्टीचा, आता पाचवा. तरी माणसं कावली. नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या रंगाची, मुलं शाळेत. सुट्टी एकट्याने घ्यायची असेल तर ती सुट्टी कसली, अशी तक्रार कामगार उघडपणे करू लागले. १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा आला, त्यात सुट्टी पुन्हा सगळ्यांची एका दिवशी ठेवली. आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आले.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रियातली. व्हिएन्नाजवळ मारिएन्ताल नावाचं गाव होतं. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ गावच्या गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी १९३१-३२ च्या सुमारास तिथे अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. आणि मस्टरवाला, ही नोंद तुमच्यासाठी : पूर्वी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुस्तकं न्यायला गर्दी व्हायची. गिरणी बंद पडल्यावर ती गर्दी दिसेनाशी झाली. रविवार आणि सुट्ट्या इतर दिवसांत मिसळून गेल्या होत्या. त्यापेक्षा दर पंधरवड्याला मदतीचे पैसे मिळत तो दिवस लोकांना जास्त कळायचा. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. संशोधक खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजत. पुरुष रमतगमत, थांबत थांबत जायचे, बायका मात्र भराभर चालायच्या.

बेकारी आणि निवृत्ती एक नव्हे, हे मला कळतं. तिथे भूक होती, मान गेला होता. निवृत्त माणसाला निदान आपण कमावलेली विश्रांती घेतोय असं वाटू शकतं. पण तांबडी तारीख डोळ्यांत न शिरणं मात्र तेच आहे.

तिसरं थोडक्यात सांगतो. ख्रिस्तोबाल यंग आणि चेयून लिम यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या काही लाख लोकांची उत्तरं तपासली. शनिवार-रविवारी नोकरदारांचं मन हलकं होतं, यात नवल नाही. पण नोकरी नसलेल्यांचंही बरंचसं तसंच होतं. त्यांना कामातून सुटायचं नसतं, तरी त्या दोन दिवसांत बाकीची माणसं मोकळी सापडतात. मस्टरवाला, तुम्ही सुट्टीचा अर्थ "सुटणं" यात शोधताय. तो "एकत्र मोकळं असणं" यातही आहे, आणि तो भाग निवृत्तीने जात नाही, असं मला वाटतं.

मस्टरवाला

वाचनालयाची ती नोंद वाचून मी थांबलो, उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. माझंही असंच झालंय. नोकरीत होतो तेव्हा सुट्टीच्या आदल्या दिवशी आठवणीने पुस्तक बदलून आणायचो, दुसऱ्या दिवशी सापडेल तेवढ्या वेळात वाचायला. आता एकच पुस्तक महिनाभर उशाशी असतं.

एकत्र सुटण्याबद्दल एक भर घालतो. आमच्या खात्यातले जुने लोक नेहमी आठवण करून द्यायचे, की रविवारची सुट्टी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना बरोबर घेऊन १८८४ पासून तिच्यासाठी झटत होते, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. हजारो माणसांनी सह्या करून मागितलेली सुट्टी आहे ती. हे मला पाठ होतं, नव्या पोरांना मी सांगायचोही. पण मागणीही सगळ्यांची मिळून होती, हे माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

तिसरीपाळी, तुमच्या गुरुवारांबद्दल काय बोलू? तशा बदली सुट्ट्यांच्या नोंदी मी हजारो केल्या असतील. रकान्यात दोन अक्षरं लिहायची आणि पुढे जायचं. त्या दोन अक्षरांत माणूस घरात एकटा बसलेला असतो हे मनात आलं नाही.

घरचीच

मी ६१ वर्षांची. नोकरी केली नाही. इथे लिहावं की नाही, असा दोन दिवस विचार करत होते. पण मारिएन्तालच्या बायका भराभर चालत होत्या हे वाचलं आणि राहवलं नाही. त्या का भराभर चालत होत्या ते मी सांगू शकते. त्यांची गिरणी बंद पडली होती, घर बंद पडलं नव्हतं.

मस्टरवाला दादा, तुमच्या मनाला लागलंय ते खरं आहे, आणि ते मी उणं करत नाही. पण तुम्ही लोकांच्या चार दिवस सलग सुट्टीचं इतकं छान लिहिलंत, तेव्हा मला आमच्या घरातले ते चार दिवस आठवले. सगळे घरी. उठण्याच्या वेळा चार, आंघोळीच्या वेळा चार, पाहुणे दोनदा. तांबडी तारीख आली की मी आदल्या रात्रीच जास्तीचं काम मोजायला बसायचे. मुलांना, ह्यांना सुट्टी मिळावी असं मलाही मनापासून वाटायचं, त्यांचे हसरे चेहरे बघून बरंही वाटायचं. पण त्या दिवशी मला सुट्टी आहे का, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

हे निवृत्त झाले आणि वर्षभर तुमच्यासारखेच हरवल्यासारखे वागायचे. आज वार कोणता, असं दिवसातून दोनदा विचारायचे. मग एकदा मी आजारी पडले, आणि नेमकी सुट्टी होती म्हणून मुलं घरी. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं ह्यांनी केलं. रात्री येऊन पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आज दिवस कसा गेला कळलंच नाही." मी म्हटलं, "मला कळला." दोघंही बराच वेळ गप्प बसलो.

तेव्हापासून दर तांबड्या तारखेला घर ह्यांच्याकडे. मी त्या दिवशी आधी उठत नाही. पहिल्या खेपेला नुसती पडून होते, सगळं लक्ष बाहेरच्या भांड्यांच्या आवाजाकडे. कुठे काय ठेवलंय ते ओरडून सांगायचा मोह आवरत होते. चौथ्या-पाचव्या खेपेला झोप लागली. आता हे आठवडाभर आधी कॅलेंडर बघतात, कारण त्यांना तयारी करावी लागते. ह्यांना तारखेचा तांबडा रंग पुन्हा दिसायला लागला तो असा.

सगळ्यांच्या घरी असंच व्हावं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे झालं ते सांगितलं.

जुनी_पानं

ताई, मी इतकी वर्षं वर्गात तो अभ्यास शिकवला. बायका भराभर चालायच्या हे वाक्य वाचायचो आणि पुढे जायचो. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं.

शुक्रवारची_वाट

मी ३४ वर्षांची, अजून नोकरीत. विषय निवृत्तांचा आहे पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, आमच्या सुट्टीला आता कुंपण राहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी कामाचे मेसेज सुरू असतात, "सवडीने बघ" म्हणून येतात आणि अर्ध्या तासात आठवण येते. फ्रान्समध्ये २०१७ पासून यासाठी कायदा लागू आहे. कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क त्यात मानला आहे. काकांचा भोंगा आणि गेट वाचून मला हेवा वाटला. आमच्याकडे भोंगा वाजतच नाही, त्यामुळे सुटलो हे कळत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या बाबांची. ते निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. माझ्या कार्यालयाच्या सुट्ट्यांची यादी ते जानेवारीत मागून घेतात आणि आपल्या कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करतात. आदल्या संध्याकाळी फोन येतो, "उद्या सुट्टी ना गं?" मला वाटायचं, त्यांना मी यायला हवी आहे म्हणून विचारतात, आणि जमणार नसलं की मी कानकोंडी व्हायचे. एकदा स्पष्टच म्हटलं, "बाबा, उद्या नाही जमणार." तर म्हणाले, "येऊ नकोस, झोप. तू झोपलीयस एवढं मला माहीत असलं की बरं वाटतं."

काका, तुमच्या मुलांना त्यांची यादी मागून बघा.

मस्टरवाला

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला हवं, पण आज एकच सांगतो.

घरचीच ताई, तुमचं लिहिणं मी हिला वाचून दाखवलं. ही काही बोलली नाही, घडी घालत होती ते कपडे मात्र हातातच राहिले. थोड्या वेळाने मी विचारलं, "तुला सुट्टी कधी हवी?" तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? यादी कुठाय तुमची?"

दोन वर्षांनी मी यादी करायला बसलो. पट्टी घेऊन रकाने आखले : तारीख, वार, कारण, शेरा. सवयीने आधी रविवार तपासले. उरलेल्या वर्षातली एक सुट्टी रविवारी पडत होती, तीही याच आठवड्यात. यादी हिच्यापुढे ठेवली. चष्मा लावून, फळ्यापुढे लोक करायचे तसंच बोट खाली नेत ही वाचत गेली आणि त्या ओळीवर थांबली.

"ही रविवारी आलीय. म्हणजे बुडाली का?"

३६ वर्षं हा प्रश्न मी ऐकला आणि प्रत्येक वेळी हात वर केले, कारण ते माझ्या हातात नव्हतं. या वेळी मी पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : बदली सुट्टी, सोमवार.

काल शनिवार होता. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून ही म्हणाली, "परवा सकाळी मला उठवू नका हं."